लालासाहेबाची सही

मी, भामाबाई शामराव होवाळ, वय बाहत्तर, धंदा मोटर वायंडिंग, राहणार चिंचमळा, तालुका कडेगाव, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र माझ्या हातानं, माझ्याच दुकानातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकायला आलेली माणसं माझ्या ओळखीची होती आणि ती सगळी चहा पिऊन परत गेली.

डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला लागतो म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी आजचा वार विचारला, गाव विचारलं, नातीचं नाव विचारलं. मी तिन्ही सांगितली आणि वर हेही सांगितलं, की तुमच्या दवाखान्याचा पंखा उलटा फिरतोय, म्हणून पेशंटला वारा लागत नाही. डॉक्टरांनी मान वर करून पंखा बघितला आणि मुकाट्यानं दाखला लिहून दिला. तो सोबत टाचला आहे.

ॲड. विजयमाला घार्गे, कडेगावच्या वकीलबाई, यांनी मला एक छापील नमुना दिला होता. त्यात मरणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य बोलायला जागा नव्हती. मी नमुना परत केला आणि माझं माझं लिहिलं. वकीलबाईंनी ते वाचून जागोजागी पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत. काही मी मानल्या, काही खोडरबरानं पुसल्या.

याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. दिवाळीत एक कच्चा खर्डा केला होता, तो मी स्वतः फाडून चुलीत घातला. का फाडला ते पुढं येईल.

कलम १. मी गेल्यावर बुद्धवंदना घ्यावी आणि साधेपणानं उरकावं. स्पीकर लावू नये. मी उन्हाळ्यात गेले तर दुकान एका दिवसापेक्षा जास्त बंद ठेवू नये, कारण तेव्हा लोकांचा ऊस पाण्यावाचून उभा असतो आणि जळालेली मोटर माझ्यासाठी थांबत नाही. मी पावसाळ्यात गेले तर मात्र हवं तितकं बसा.

कलम २. माझं राहतं घर, परड्यासह, माझा मुलगा प्रबुद्ध याला द्यावं. प्रबुद्ध पुण्याला कंपनीत आहे. पोरगा गुणाचा आहे, व्यसन नाही, आईला दर रविवारी फोन करतो. फक्त हरकत घेणं हा त्याचा स्वभाव आहे. शामराव गेल्यावर मी दुकान बंद केलं नाही, त्याला त्यानं हरकत घेतली. मी लुना चालवायला शिकले, त्याला घेतली. पाटीवर माझं नाव घातलं, त्याला घेतली. लालासाहेबाला कामावर ठेवलं तेव्हा तर तो रजा टाकून हरकत घ्यायला गावी आला होता. त्याच्या या स्वभावाचा मी आयुष्यभर त्रास मानला. या मृत्युपत्राच्या शेवटी मी त्याचा उपयोग करून घेणार आहे, तेव्हा प्रबुद्ध, मधली कलमं गाळू नकोस.

कलम ३. पोस्टातली आणि बँकेतली शिल्लक माझी नात पायल हिला द्यावी. त्यातला कोर्टखर्चापुरता भाग आधी बाजूला काढावा. कसला कोर्टखर्च, तेही शेवटीच कळेल.

कलम ४. हा धंदा मला शामरावांनी शिकवला. ते वायरमन होते. संध्याकाळी घरी मोटरी भरायचे आणि कॉइल गुंडाळायला मला बसवायचे. वायंडिंग म्हणजे काय हे पुण्याच्या सुनेला अजून उमगलेलं नाही, म्हणून लिहिते. विहिरीवरची मोटर जळली की तिच्या आतली तांब्याची जळकी तार काढायची, नवी तार मोजून गुंडाळायची, एकेक कॉइल तिच्या खाचेत बसवायची, बांबूच्या पट्ट्या ठोकायच्या, वर वार्निश ओतायचं आणि वाळवायचं. बाहेरून मोटर जशी होती तशीच दिसते. आत सगळं नवं असतं.

बाई वायंडिंग करते म्हणून सुरुवातीला लोक हसले. होवाळांची बाई करते म्हणून काहींनी मोटर दारातच ठेवली आणि दारातूनच उचलली. ज्यांच्या मोटरी वर्षानुवर्षं चालल्या ते पुढं हळूहळू आत येऊन बसायला लागले. मी कोणाला उंबऱ्याची आठवण करून दिली नाही. आज इथं लिहून दिली, एवढं पुरे.

कलम ५. आता लालासाहेब दिनकर जगदाळे.

हा आमच्याच गावचा, पाटाखाली ऊस असलेल्या घरातला धाकटा. त्यानं चोरी केली होती. हे मी आधीच लिहिते, कारण त्याच्याविषयी दोन शब्द बरे बोलायचे झाले की लोक ‘त्याला अडकवलं’ म्हणतात. त्याला कोणी अडकवलं नव्हतं. त्यानं आणि बाहेरगावच्या दोघांनी विहिरींवरच्या मोटरी नेल्या, फोडल्या आणि आतलं तांबं भंगारात विकलं. कोर्टानं शिक्षा दिली, ती त्यानं कळंब्याच्या तुरुंगात पुरी भोगली. कोर्टानं शिक्षेला शेवटची तारीख घातली होती. गावानं घातली नाही. त्याचा थोरला भाऊ जयराज यानं घरातच वेगळी चूल मांडून दिली आणि स्वतःच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत सगळ्या जगदाळ्यांची नावं छापली, चुलत्याच्या चुलत्यांचीसुद्धा. लालाचं तेवढं गाळलं.

सुटून आल्यावर थोड्या दिवसांनी तो माझ्या दुकानाच्या पायरीखाली येऊन उभा राहिला.

“मावशी, एक बोलू का?”

“बोल की.”

“धुळाच्या हिरीवरची मोटर आमीच नेल्ती. ती तुमी भरल्याली हुती. ती फोडाया लय जीव गेला. बाकीच्या मोटरी बसल्या बसल्या मोकळ्या झाल्या. तुमची कॉइल खाचंतनं हलंचना. आमच्यातला एकजण म्हणला, सोडा ही, दुसरी बगू.”

“मग सोडली का?”

“न्हाई. मला बगायचं हुतं आत कसं बसवलंय.”

मी चाळीसेक वर्षं हे काम करते. शेतकरी मोटर नेतो, बटण दाबतो, पाणी आलं की मला विसरतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आतलं काम बघायची कोणाला गरजच पडत नाही. शामराव गेल्यावर माझं काम आतून बघून दाद देणारा हा पहिला माणूस निघाला, आणि तो चोर. मला इतकं बरं वाटलं की मी राग धरायचा विसरूनच गेले.

“आता काय करणार हायस?” मी विचारलं.

“कोण काम देत न्हाई.”

“फोडाया येतंय म्हणतोस. भराया येतंय का?”

“न्हाई.”

“मग वर ये. पायरीखाली उभं राहून येत नसतं ते.”

तो वर आला. मी चहा केला आणि त्यानं माझ्याच कपातून, भर बाजाराच्या दिवशी, सगळ्यांदेखत प्याला. गावानं त्याची चोरी एक वेळ पचवली असती, तो चहा मात्र कित्येकांना अजून पचलेला नाही. एकीकडं चोराला ठेवला म्हणून माझ्या लोकांनी मला नावं ठेवली आणि दुसरीकडं होवाळणीकडं राबतो म्हणून त्याच्या लोकांनी त्याला. आम्ही दोघांनी ते वाटून घेतलं आणि कामाला लागलो.

पहिल्या उन्हाळ्यात, ज्याची मोटर फोडली होती त्या धुळाची नवी मोटर जळाली, तेव्हा लालानं ती न सांगता उचलून आणली, भरली आणि परत नेऊन बसवली. धुळानं बटण दाबलं, पाणी बघितलं आणि म्हणाला, “आता फिटलं गड्या.” ज्याचं नुकसान झालं होतं त्यानं असं मिटवलं. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं त्यांचं अजून मिटलेलं नाही.

कलम ६. दुकानातलं मोठं पितळी कुलूप शेजारीण रंगुबाई हिला द्यावं. लाला कामाला लागला त्याच दिवशी रंगुबाईनं ते मला आणून दिलं होतं आणि गल्ल्याला लाव म्हणून बजावलं होतं. मी ते एकदाही लावलेलं नाही. कोऱ्या किल्लीसह खिळ्याला टांगलेलं आहे. रंगुबाई मनानं वाईट नाही. फक्त लाला समोरून आला की तिचा हात गळ्यातल्या डोरल्यावर जातो. कुलूप तिनं आपल्या गळ्यालाच लावावं असं मी पहिल्यांदा लिहिलं होतं. ते वकीलबाईंनी खोडलं आणि मी ऐकलं.

कलम ७. लोखंडी खुर्ची, जिला मी नवीन वेताची बैठक बसवून घेतली, ती मी निवृत्त हवालदार आप्पासो गणपती मुळीक यांना आधीच देऊन टाकली आहे, ती दुकानाच्या सामानात धरू नये. का, ते सांगते.

गणपती आले, निवडणूक आली, कोणा मोठ्या माणसाचा दौरा आला की लालाला ठाण्यातून बोलावणं यायचं. त्याचं नाव ठाण्यातल्या गुन्हेगारांच्या पाटीवर लागलेलं होतं आणि ती पाटी कोणी पुसत नव्हतं. दिवसभर बाकावर बसवायचे आणि शांतता राखीन अशी त्याच्याकडून सही घ्यायचे. आता शांतता त्यानं कधीच मोडली नव्हती. चोरीसुद्धा गुपचूप केली होती. कुठं केबल गेली तरी पहिलं बोलावणं त्यालाच. एकदा तर गेलेली केबल मालकाच्याच जावयानं आपल्या विहिरीवर जोडलेली निघाली. तोवर हा बाकावर बसून होता आणि त्याला घरी जा म्हणायचंही कोणाला सुचलं नाही.

मग एका उन्हाळ्यात निवडणूक लागली. लाला ठाण्यात, माझा उजवा हात गळ्यात, कारण मी लुनावरून पडले होते, आणि दुकानात जळक्या मोटरींचा ढीग. धुळाचा लावणीचा ऊस करपायला लागला होता. धुळा तसा मेंढरामागं हिंडलेला माणूस, रस्त्यानं कोण आडवं येतं हे तो बघत नाही. त्यानं मोटर टेंपोत घातली आणि थेट ठाण्याच्या दारात उतरवली.

“हे काय?” आप्पासो हवालदारांनी विचारलं. ते तेव्हा नोकरीत होते.

“मोटर हाय. लालाला द्याया आणली.”

“त्याला सोडता येत न्हाई.”

“मग मोटर आत घ्या.”

“अरं, हे ठाणं हाय का वर्कशॉप?”

“आवं सायेब, ज्यानं माझी मोटर नेल्ती त्याच्याच हातात मी मोटर द्याया आलोय. माझी तक्रार न्हाई. तुमची कसली?”

तेवढ्यात दुसरा टेंपो आला. दुपारपर्यंत ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली मोटरींची रांग लागली. मी कॉइल गुंडाळायचं हँडल पाठवून दिलं. पण हँडल एकानं फिरवायचं आणि तार दुसऱ्यानं धरायची, आणि दुसरा माणूस कोण? शेवटी आप्पासोंनीच टोपी काढून ठेवली आणि हँडलाला बसले. लाला तार धरून सांगत होता, “मोजत ऱ्हावा सायेब, चुकलं तर परत पयल्यापास्नं.” हवालदार मोजत होते. मी गळ्यात हात बांधून हे बघायला गेले होते आणि माझ्या जन्मात मी इतकी हसले नव्हते.

संध्याकाळी आप्पासो मला म्हणाले, “भामाबाई, माझी इतकी वर्सं नोकरी झाली. बाकावर बसल्याल्या माणसाला काय येतंय, हे मी कवा इचारलंच न्हाई.” त्यानंतर ते बदलून जाईपर्यंत लालाला बोलावणं आलं की बाकावर बसवायचे नाहीत. सही घ्यायचे आणि पाठवून द्यायचे. निवृत्तीनंतर ते रोज दुकानात येऊन त्या लोखंडी खुर्चीत बसतात आणि त्यांची पाठ दुखते. म्हणून वेत.

कलम ८. माझी लुना पायललाच द्यावी. तिनं सांगलीला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आहे, तिला ती चालू करता येईल. दुसऱ्या कोणाच्यानं ती चालू होत नाही.

कलम ९. पायलच्या लग्नाची पत्रिका निघेल तेव्हा त्यात ‘आपले नम्र’ म्हणून जी नावं छापाल, त्यात लालासाहेब जगदाळे हे नाव ठळक छापावं. होवाळांच्या पत्रिकेत जगदाळे कसे, असं दोन्हीकडचे विचारतील. त्यांना माझं नाव सांगा. तोवर मी कोणाच्या हाती लागणार नाही. पत्रिकेतलं नाव ही मिळकत होत नाही, हे मी वकीलबाईंना विचारून घेतलं आहे. हा प्रश्न मी का विचारला, ते कलम अकरात आहे.

कलम १०. आमच्या गावात एक समजूत होती, की शिक्षा झालेल्याला पुढं जन्मभर मत नसतं आणि त्याची सहीही कशाला चालत नाही. कोणी सांगितलं, कुठं वाचलं, काही नाही. सगळ्यांना ते नुसतं ठाऊक होतं, आणि खुद्द लालालाही ठाऊक होतं. मतदानाच्या दिवशी तो पहाटेची एस.टी. धरून औंधला यमाईच्या डोंगरावर जायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. गाव म्हणायचं, तुरुंगात जाऊन देवभोळा झाला. मी एकदा खोदून विचारलं.

“मला मत न्हाई मावशी. लोक बोटाला शाई लावून हिंडत्यात. माझं कोरं बोट कशाला कुणाला दाखवू?”

मी त्याच्यासमोरच वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, तुरुंगात असेपर्यंत मत टाकता येत नाही, बाहेर आला की येतं, आणि यादीतून त्याचं नाव कोणी काढलेलंच नसणार. आम्ही यादी बघितली. नाव होतं. एवढी वर्षं तिथंच होतं, आणि हा डोंगर चढत होता. पुढच्या मतदानाला मी त्याला लुनावर मागं बसवून शाळेत नेला. रांगेत जयराज पुढं उभा होता. तो म्हणाला, “ह्याला कसलं मत?” आतल्या मास्तरांनी यादीवर बोट ठेवून लालाचं नाव पुरं वाचलं आणि बोट पुढं कर म्हणाले. त्यानंतर शाई जाईपर्यंत या माणसानं डाव्या हाताला वार्निश लागू दिलं नाही. सगळं काम उजव्या हातानं ओढत होता आणि मला उशीर होत होता.

यमाईला तो अजून जातो. आता साध्या दिवशी जातो आणि दर्शन घेऊन दुपारपर्यंत परत येतो.

कलम ११. दिवाळीत मी जो खर्डा केला, त्यात बाजारपेठेतला दुकानाचा गाळा लालासाहेबाच्या नावानं लिहिला होता. प्रबुद्ध, तुला वाईट वाटेल म्हणून लपवत नाही. घर तुला, शिल्लक पायलला आणि गाळा ज्यानं तो चालवला त्याला, असा माझा हिशेब होता.

खर्डा घेऊन मी वकीलबाईंकडं गेले. त्यांनी विचारलं, साक्षीदार कोण? मी म्हटलं, एक आप्पासो आणि दुसरा लालाच, रोज समोर असतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “शिक्षा झाली होती म्हणून त्याची सही चालत नाही, असं मुळीच नाही. सज्ञान आणि शुद्धीतला कोणीही साक्षीदार होऊ शकतो. पण ज्याला मिळकत मिळते त्याचीच साक्ष घेऊ नका. आपल्याकडं कायदा त्याला तितका आडवा येत नाही, तरी उद्या वाद झाला तर समोरचा वकील तेवढंच धरून बसेल. त्याला गाळा द्या, नाहीतर त्याची सही घ्या. दोन्ही करू नका.”

यात विचार करण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. सही दुसऱ्या कोणाचीही मिळते. मी घरी येऊन लालाला हसत हसत सांगितलं, की तुझ्या सहीला गाळा आडवा आला.

तो कॉइल भरत होता. हातातली पट्टी ठोकून झाली तेव्हा म्हणाला, “मावशी, गाळा नगं. सही घ्या.”

“याड लागलंय का तुला? गाळा म्हंजे तुझं पोट हाय.”

“पोट हातात हाय. तुमीच घातलंय.”

“सही काय खायची हाय?”

“माझी सही आजवर कुणी घेतली, सांगा बरं? ठाण्यात. ती बी कशाची, तर मी वाकडं वागणार न्हाई म्हणून. मी काय बघितलं, मला काय ठावं हाय, ह्याच्यासाठी एकदा तरी कुणी घेतली का? गल्लीत भांडण झालं, मी समोर हुतो, पंचनाम्याला कुणीतरी भलताच धरून आणला. माझं बघितल्यालं बघितल्यात धरत न्हाईत, मावशी.”

मग तो खाली मान घालून म्हणाला, “कोर्टात दोन पिंजरे असत्यात. मी एकातच उभा ऱ्हायलोय. दुसऱ्यातला माणूस बोलाय लागला की सायेब सवताहून लिवून घेत्यात. मला त्यात एकदा उभं ऱ्हायचं हाय.”

मला रडू आलं. हे मृत्युपत्र आहे म्हणून लिहिते, एरवी मी कबूल केलं नसतं. दुसऱ्या दिवशीही मी त्याच्याशी भांडले, तिसऱ्या दिवशी त्याच्याशी बोललेच नाही. तो हटला नाही. तेव्हा मी खर्डा फाडला.

आमच्या लोकांना जन्मानं मिळालेला डाग कसा असतो, हे मला कोणी समजावायला नको. माझा डाग माझ्या करणीचा नव्हता आणि त्याचा त्याच्या करणीचा होता, एवढा फरक मला मान्य आहे. पण तो त्यानं भोगून संपवला. संपलेलं संपलं म्हणायला गावाला जड जातं, मला जात नाही.

तर बाजारपेठेतला गाळा, आतल्या सामानासह, मी नात पायल हिला देते. त्या गाळ्यात पुढं कोणी बसावं, काय करावं, याबद्दल मी इथं एक अक्षर लिहीत नाही, कारण वकीलबाईंनी माझा हात धरला आहे. पायलला माझं मन ठाऊक आहे आणि पायलला स्वतःचंही मन आहे. कॉइल गुंडाळायचं हँडल तेवढं सामानात शोधू नये. ते शामरावांचं होतं. ते मी काल लालाच्या हातात दिलं. जितेपणी दिलेल्या वस्तूला मृत्युपत्र लागत नाही. इथं वकीलबाईंनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं, ते मी पुसलं.

कलम १२. शेवटचं, आणि हे प्रबुद्धसाठी.

वकीलबाई सांगतात, की घरच्यांनी मृत्युपत्र मान्य केलं तर बहुतेक वेळा कोणी कोर्टात जात नाही आणि साक्षीदाराला कोणी बोलावतही नाही. कागद ट्रंकेत पडून राहतो. म्हणजे या माणसानं गाळा सोडून जी सही मिळवली, ती माझ्या ट्रंकेत साड्यांखाली पडणार. हे मला चालायचं नाही.

म्हणून माझी अट अशी: घर आणि गाळा, दोन्ही, हे मृत्युपत्र कोर्टात रीतसर शाबीत झाल्यावरच ज्याच्या त्याच्या ताब्यात जावं. खर्च कलम तीनप्रमाणे माझा. व्यवस्थापक म्हणून मी ॲड. विजयमाला घार्गे यांना नेमते.

आणि बाळा, तू हरकत घ्यावीस. तुला खोटं बोल असं मी सांगत नाही. तुला खरीच शंका आहे. मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालास, “आई, असल्या माणसाच्या सहीला किंमत काय?” मला तुझा राग आला नाही. तोच प्रश्न तू कोर्टात विचार. चांगला वकील दे, हातचं राखू नकोस. त्या वकिलानं लालाला विचारावं, तू चोरी केली होतीस का. तो हो म्हणेल. मग विचारावं, भामाबाई होवाळ यांनी तुझ्यासमोर सही केली का. तो हो म्हणेल. दोन्ही उत्तरं खरी असतील आणि कोर्टाला दोन्ही लिहून घ्यावी लागतील. त्यानंतर तुझी शंका उरली तर ती तुझी तू सांभाळ, मी तुला पुन्हा काही म्हणणार नाही.

त्या दिवशी लालानं वार्निशचा शर्ट घालू नये. माझ्या कपाटात त्याच्यासाठी शिवून ठेवलेला पांढरा शर्ट आहे, शिलाई फिटलेली आहे. वकीलबाई, शर्टाबद्दल पेन्सिल उचलू नका. तोही मी उद्या जितेपणीच देऊन टाकते. धुळानं आणि आप्पासोंनी त्याच्याबरोबर जावं. पट्टेवाल्याला आधी सांगून ठेवावं, की नाव घाईत पुकारू नकोस. साक्षीदार लालासाहेब दिनकर जगदाळे, असं पुरं पुकार, बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल असं. मी तिथं नसेन. पण मला ते आत्ताच ऐकू येतंय, आणि मी समाधानानं ही सही करते.

ठिकाण: चिंचमळा, तालुका कडेगाव
तारीख: ८ जानेवारी २०२६, गुरुवार

(सही) भामाबाई शामराव होवाळ

साक्षीदार पहिला:
भामाबाई होवाळ यांनी माझ्यासमोर सही केली. मी डोळ्यांनी बघितली. विचारलं तर कुठंही सांगेन.
(सही) लालासाहेब दिनकर जगदाळे
वायंडिंग कारागीर, चिंचमळा

साक्षीदार दुसरा:
भामाबाईंनी माझ्याही समोर सही केली. वर सही करणारे साक्षीदार जगदाळे यांना मी चांगला ओळखतो.
(सही) आप्पासो गणपती मुळीक
पोलीस हवालदार, निवृत्त